मुका मार

ज्या दुखापतीत कातडे फुटत नाही, रक्त बाहेर येत नाही आणि हाडही मोडत नाही, तिला आपल्या भाषेत मुका मार म्हणतात. हा शब्द ज्या कोणा अनामिकाने प्रथम उच्चारला असेल त्याच्या निरीक्षणशक्तीचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. उघडी जखम पाहणाऱ्याकडे आपण होऊन दाद मागते. मोडलेल्या हाडाला तर साक्षीदाराची गरजच नसते. मुका मार मात्र ज्याला लागला त्याच्याच जवळ राहतो. त्याला वाचा फोडावयाची ती सोसणाऱ्याने. आणि ती फोडावयाची नाही असे त्याने ठरविले, तर जगाच्या दृष्टीने तो मार लागलेलाच नसतो. प्रस्तुत लेखात आम्हांस जो प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे तो येथूनच निघतो. आपले दुखणे लपवून दिलेल्या शब्दास जागणारा मनुष्य सत्याने वागतो की असत्याने? आणि असत्याने वागत असेल, तर त्या असत्यात त्याच्याखेरीज आणखी कोणाचा वाटा असतो?

मुका मार अंगावर कोठेही लागू शकतो; परंतु तो छातीवर लागला म्हणजे प्रकरण अधिक नाजूक होते. आपल्या भाषेने छातीवर फारच मोठा भार टाकून ठेवला आहे. खरे असेल ते छाती ठोकून सांगावयाचे, शत्रूपुढे छातीचा कोट करावयाचा, संकट पाहून छाती दडपू द्यावयाची नाही. शूर पुरुष तो निधड्या छातीचा. पाय मुरगळलेला मनुष्य लंगडत आला तर घरातील मंडळी त्यास बसावयास पाट देतात. 'माझी छाती दुखते' असे म्हणणाऱ्या पैलवानाने मात्र जणू आपले धैर्यच दुखते अशी कबुली दिली, असे ऐकणाऱ्यास वाटते. अवयवाचे आणि गुणाचे नाव एकच असले म्हणजे माणसाची अशी पंचाईत होते.

बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या टापूत सुगी सरली की यात्रांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबरच कुस्त्यांचा. चैत्र-वैशाखात तर आज या गावी मैदान, उद्या त्या गावी, अशी मल्लांची धावपळ चालते. ग्रामदैवताची पालखी मिरवून आली, नवस फेडून झाले, की हलगी वाजू लागते आणि अबालवृद्ध लाल मातीभोवती कडे करून बसतात. गोमंतकातील आमच्या वाचकांस जत्रा म्हटली की रात्रीचे नाटक आठवेल. तेथे गायक नटाचा गळा बसला असेल तर पहिल्याच पदाला तो सर्वांस कळतो. त्याला लपविता येत नाही, आणि समंजस रसिक त्याचे दोन आलाप कमी झाले म्हणून रुसतही नाहीत. मल्लाची छाती बसली आहे की धड आहे, हे मात्र फेटा बांधलेल्या हजार माणसांपैकी एकासही कळत नाही.

असा एक मल्ल आपण डोळ्यांसमोर आणू. वय बावीस-तेवीस, शेतकऱ्याचा मुलगा, चार वर्षे तालमीत काढलेली. फाल्गुनातील एका मैदानात झटापट होताना जोडीदाराचा खांदा त्याच्या छातीच्या उजव्या बाजूवर जोराने आदळला. कुस्ती त्याने जिंकली. रात्री काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सदरा काढावयास हात वर जाईना. तीन आठवड्यांनी त्याच्याच गावची यात्रा आहे. त्याची जोड नेमली गेली आहे, त्याचे नाव जाहिरातीत छापून आले आहे, इनामाची रक्कम बोलली गेली आहे. त्याने काय करावे?

नीतीचा विचार करण्यापूर्वी शरीरात काय घडले ते पाहिले पाहिजे; कारण पुष्कळसे नैतिक घोटाळे वस्तुस्थिती न पाहताच तत्त्वे लावल्यामुळे होतात. छातीच्या दोन्ही बाजूंस पंख्यासारखा पसरलेला जो मोठा स्नायू असतो त्यास शरीरशास्त्रात पेक्टोरॅलिस मेजर असे नाव आहे. एका बाजूस तो गळ्याखालच्या आडव्या हाडास, मधल्या उरोस्थीस आणि वरच्या बरगड्यांच्या कूर्चांस चिकटलेला असतो. दुसऱ्या बाजूस निमुळता होत दंडाच्या हाडास जाऊन मिळतो. हात छातीकडे ओढणे, कवेत घेणे, घट्ट दाबणे ही त्याची कामे. म्हणजे कुस्तीतील बहुतेक साऱ्या पकडी याच्याच बळावर चालतात, आणि तालमीतील पहिला व्यायाम जो जोर तोही याचाच. आघात झाला म्हणजे हा स्नायू वरून येणारा धक्का आणि खालच्या बरगड्या यांच्यामध्ये चेंगरतो. काही तंतू तुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आतल्या आत पसरते. कातडीवर प्रथम लालसर-निळा, मग काळपट, मग हिरवट आणि शेवटी पिवळा असा जो रंग उमटत जातो, तो त्या साकळलेल्या रक्ताचाच. रक्तातील तांबडे द्रव्य मोडत जाते. त्याचे आधी हिरवे बिलिव्हर्डिन होते, नंतर पिवळे बिलिरुबिन. मार खोल असेल तर वर रंग मुळीच दिसत नाही, किंवा चार दिवसांनी लागलेल्या जागेच्या बराच खाली दिसतो.

रंग गेला म्हणजे दुखणे गेले, ही आपल्याकडील सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. आत चालणारे काम याहून संथ असते. पहिल्या काही दिवसांत शरीर मेलेले तंतू उचलून साफसफाई करते. मग स्नायूच्या तंतूंलगत निजून राहिलेल्या काही पेशी जाग्या होतात आणि नवे तंतू घडवू लागतात. या पेशींचा शोध अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 साली लावला, म्हणजे तालमी शतकानुशतके चालल्यावर. त्याच वेळी तुटलेली टोके जोडणारा वणही तयार होत असतो. पहिले आठ-दहा दिवस हा वण हीच त्या स्नायूतील सर्वांत कच्ची जागा असते. त्या मुदतीत जोराचा ताण पडला तर सांधलेले पुन्हा फाटते आणि दुसऱ्या खेपेचा वण पहिल्याहून मोठा व ताठर होतो. उलट बाजूने, हात गळ्यात बांधून महिनाभर निजून राहिल्यानेही स्नायू आखडतो. थोडी विश्रांती, मग दुखणार नाही इतपत हालचाल, मग हळूहळू भार, असा हा क्रम आहे. साधा मार दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. भारी असेल तर दीड-दोन महिनेही लागतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करून ठेवतो. छातीवर मार लागल्यावर दम लागत असेल, श्वास आत घेताना एकाच जागी सुरी टोचल्यासारखे होत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, भोवळ येत असेल किंवा दुखणे हातात व जबड्यात उतरत असेल, तर त्यास मुका मार समजून घरी बसू नये. बरगडी, फुप्फुस वा हृदय यांपैकी काही दुखावलेले असण्याचा संभव असतो आणि तेथे रुग्णालयाखेरीज गत्यंतर नाही. आघाताच्या क्षणी आत काही तुटल्याचा आवाज झाला आणि काखेपुढची स्नायूची वळी नाहीशी झाली, तर स्नायू हाडापासून सुटलेला असू शकतो. तेथेही शस्त्रवैद्याकडे जाण्यास आठवडे घालवू नयेत.

आपल्या तालमींना शरीराचे ज्ञान नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. बडोद्याचे राजरत्न प्रो. माणिकराव हे जुम्मादादा व्यायाम मंदिराचे आचार्य म्हणून जितके प्रसिद्ध होते तितकेच हाडवैद्य म्हणूनही. जो घडवितो त्यालाच मोडलेले सांधता यावे, ही परंपरा निकोप होती. तथापि परंपरेतील प्रत्येक सवय शहाणपणाची असतेच असे नाही. थकलेल्या अंगास तेल-हळदीचे मर्दन उत्तम. परंतु ताज्या मुक्या मारावर ते करू नये. पहिले दोन-तीन दिवस चोळणे आणि शेकणे दोन्ही टाळून फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून काही वेळा ठेवावा, असे आजचे वैद्यक सांगते. छाती कापडाने करकचून आवळण्याची रीतही त्याज्य ठरली आहे. तीमुळे श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि फुप्फुसाचे नवे दुखणे उद्भवू शकते.

आणि आपले प्राचीन वैद्यक तरी काय सांगते? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्षतक्षीण नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. उर दुखावण्याची कारणे तेथे मोजून दिली आहेत. धनुष्य अतिशय ओढणे, जड ओझे वाहणे, उंचावरून पडणे, धावता बैल वा घोडा अडविणे. आणि त्याच यादीत बलवंतांशी झुंजणे हेही आहे. तो अध्याय ज्या रोगाचे वर्णन करतो तो साध्या मुक्या माराहून पुष्कळ गंभीर, रक्त थुंकावयास लावणारा आहे, हे खरे. परंतु झुंजीने छाती जायबंदी होते आणि तिची चिकित्सा 'सद्य एव', म्हणजे तत्काळ, सुरू करावी, हे त्या आचार्यांनी लिहून ठेवले आहे. सुश्रुताने व्यायाम कोणी करू नये हे सांगताना क्षत झालेल्या मनुष्याचा त्यात समावेश केला आहे. वाग्भटाने तर धडधाकट मनुष्यासही आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम सांगितला. आपल्या पूर्वजांचे नाव घेऊन दुखावलेल्या पोराला मातीत ढकलणाऱ्यांनी हे ग्रंथ एकदा चाळावेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपला मल्ल मैदानात उतरण्यासाठी तीन प्रकारची कारणे देईल. पहिले: 'मी शब्द दिला आहे.' दुसरे: 'शरीर माझे आहे, त्याचे मी काय करावे हे मी ठरवीन.' आणि तिसरे: 'ही कुस्ती नुसता खेळ नाही, देवाची सेवा आहे, सेवेत शरीराची पर्वा करावयाची नसते.' तिन्ही कारणे उमद्या मनाची आहेत. म्हणूनच त्यांची छाननी करावयाची.

शब्दाचे पाहू. त्याने गावाला कशाचा शब्द दिला होता? दोन धडधाकट मल्लांची निकाली कुस्ती पाहावयास मिळेल, याचा. छातीचा एक भाग फाटलेला असताना तो उतरतो, तेव्हा जाहिरातीतील अक्षरे खरी ठरतात आणि त्या अक्षरांचा अर्थ खोटा ठरतो. नाण्यावरचा छाप तोच, आतला धातू मात्र निराळा. जो मनुष्य 'मला मार लागला आहे' असे आधी सांगून मग उतरतो, त्याच्या शहाणपणाविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु त्याच्या सचोटीस बाध येत नाही. दोष उतरण्यात आहे त्याहून अधिक तो लपविण्यात आहे. कबड्डीत हे अधिक स्पष्ट दिसते. तेथे सात जण हाताला हात धरून साखळी करतात. एकाची छाती दुखावलेली आहे हे बाकीच्या सहांस ठाऊक नसेल, तर ते ज्या कडीवर विसंबले तीच सुटते. मात्र कबड्डीच्या चमूत राखीव गडी असतो. कुस्तीत मल्लाच्या जागी दुसरा कोणी नसतो, आणि म्हणूनच त्याचा मोह मोठा.

शरीर माझे आहे, हे दुसरे म्हणणे. त्यास असे उत्तर देण्याची प्रथा आहे की, बाबा रे, हे शरीर तुझे एकट्याचे नव्हे. तुझ्या खुराकासाठी घरच्यांनी आपल्या ताटातले तूप कमी केले, वस्तादाने आपली वर्षे ओतली, हे शरीर म्हणजे तुझ्यापाशी असलेली ठेव आहे. उत्तर ऐकावयास गोड आहे. पण ते दुधारी आहे. शरीर जर साऱ्यांचे, तर साऱ्यांनाच त्यावर हक्क सांगता येईल, आणि ज्यांनी तूप घातले तेच उद्या 'आता उतर' म्हणून आग्रह धरतील, धरतातही. म्हणून आम्हांस हा ठेवीचा दृष्टांत पुरेसा वाटत नाही. वेदना ही जगातील अशी एकच वस्तू आहे की जिचा साक्षीदार एकटाच असतो. या एकाच कारणास्तव, 'मी उतरू शकत नाही' असे तो म्हणाला तर त्यावर अपील असू नये. परंतु 'मी उतरू शकतो' हे त्याचे म्हणणे त्याच तोलाचे मानता येत नाही. कारण ते म्हणताना त्याच्यापुढे इनाम असते, गाव असते, बापाचा चेहरा असतो. त्याचा नकार अखेरचा मानावा आणि होकार तपासून घ्यावा, हा आमच्या विचाराचा गाभा आहे. हा न्याय वरवर पाहता लंगडा दिसेल. दोन्ही बाजूंस सारखेच वजन द्यावे, असे कोणी म्हणेल. पण तराजूच्या एका पारड्यावर आधीच हजार माणसे बसलेली असताना समतोलाची भाषा कशासाठी करावयाची?

यावर अनुभवी वस्ताद हसतील, हे आम्ही जाणतो. ते म्हणतील, आळसही वेदनेच्याच आवाजात बोलतो. नकार अखेरचा मानला तर तालमी ओस पडतील. यात तथ्य आहे. कुस्ती आणि दुखणे यांची फारकत होऊ शकत नाही. कान मोडल्याशिवाय पैलवान होत नाही, आणि प्रत्येक ठणक्याला शरण जाणाऱ्याने मातीचा नाद सोडावा हे उत्तम. काही जण सोंगही करतील. परंतु हिशेब तरी करून पाहू. सोंग करणाऱ्याचे खरे मानले तर एक कुस्ती हुकते. खऱ्याचे खोटे मानले तर एक हात आयुष्यभर अधू होतो, आणि त्या हाताने पुढे चाळीस वर्षे नांगर धरावयाचा असतो.

तिसरे म्हणणे देवसेवेचे, आणि ते आमच्या वाचकांस सर्वांत जवळचे. शरीर हे धर्माचे पहिले साधन, या आशयाचे कालिदासाचे वचन पुष्कळ व्यायामशाळांत भिंतीवर रंगविलेले असते, आणि ते बलोपासनेची आज्ञा म्हणून वाचले जाते. ते वचन कुमारसंभवात कोणी कोणास सांगितले आहे? पाचव्या सर्गात पार्वती तप करीत आहे. गळून पडलेली पानेसुद्धा खावयाची तिने सोडली, म्हणून तिला अपर्णा हे नाव पडले. अशा वेळी शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषाने येऊन तिची विचारपूस करतो. आपल्या शक्तीच्या मानाने तप करतेस ना, असे विचारून तो हे वचन उच्चारतो. म्हणजे ज्या देवासाठी तप चालले आहे, तो देवच तपस्विनीला विचारीत आहे की, बाई, हे तुला झेपते ना? भिंतीवर रंगविलेले ते वाक्य जोर काढणाऱ्यास उद्देशून जितके आहे तितकेच, किंबहुना अधिक, छाती दुखावून कोपऱ्यात बसलेल्यास उद्देशून आहे. पार्वतीने तप सोडले नाही, हेही आम्ही विसरत नाही. परंतु तिने आपले कष्ट कोणापासून लपविलेही नव्हते.

समोरच्या मल्लाचाही विचार करावयास हवा. महाभारताच्या सभापर्वात भीम आणि जरासंध यांची कुस्ती कार्तिकाच्या प्रतिपदेपासून त्रयोदशीपर्यंत अखंड चालली, आणि चतुर्दशीच्या रात्री जरासंध थकून थांबला. तेव्हा श्रीकृष्ण भीमास म्हणतो की, थकलेल्या शत्रूस पीडा देणे योग्य नव्हे. पीडिल्यास तो प्राणासही मुकेल. शब्द दयेचे आहेत आणि भीमाने त्यातून इशारा उचलला तो वधाचा. हा प्रसंग वाचताना आम्हांस नेहमी थोडे अस्वस्थ वाटते, आणि तसे वाटावे अशीच व्यासांची इच्छा असावी. प्रतिस्पर्ध्याची दुखरी जागा कळल्यावर तीवरच पकड घालणे नियमबाह्य नाही. पण ती जागा कशी कळली यावर बरेच अवलंबून आहे. मैदानात आपल्या डोळ्यांनी हेरली असेल तर ती हुशारी. त्याने वा त्याच्या वस्तादाने विश्वासाने आधी सांगितली असेल, तर त्या माहितीचा डाव करणे हा विश्वासघात होय. आणि प्रतिस्पर्ध्यास काहीच ठाऊक नसेल, तर जिंकूनही तो बिचारा फसतो. बलवंतास चीत केल्याचा आनंद त्याला मिळतो आणि तो खोटा असतो.

मग हा मुलगा लपवितो का? केवळ अभिमानाने लपवितो असे आम्हांस वाटत नाही. मल्लाने ऐन वेळी माघार घेतली की कट्ट्यावर बसलेल्यांचा पहिला उद्गार कोणता असतो, हे सीमाभागातील कोणाही वाचकास सांगावयास नको. 'नुरा कुस्ती!' आधीच ठरवून, पैसे खाऊन केलेली कुस्ती ती नुरा; आणि माघारीवरही तोच शिक्का बसतो. हात गळ्यात असता तर कोणी बोलले नसते. मुक्या माराला पुरावा नाही, म्हणून तो लबाडी ठरतो. म्हणजे एका बाजूस खरे बोलून लबाड ठरावयाचे, दुसऱ्या बाजूस खोटे वागून शूर ठरावयाचे. ही निवड त्याच्यापुढे आपण, म्हणजे प्रेक्षकांनी आणि यात्रा कमिट्यांनी, मांडून ठेवली आहे. मैसूरच्या दसऱ्यात जेट्टींची वज्रमुष्टीची झुंज होते. पहिले रक्त दिसले की ती थांबवितात. आमच्या मैदानांचाही अलिखित नियम फारसा निराळा नाही. दिसणाऱ्या रक्ताला आपण मान देतो. आतल्या आत वाहणाऱ्या रक्ताला मात्र आपण शिट्ट्या देतो.

विश्रांतीचा हक्क असून भागत नाही, तो कोणी तरी मागावा लागतो, हे आम्हांस खाशाबा जाधव यांच्या हकीकतीवरून पटले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने 1952 साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच स्पर्धेत एक दीर्घ लढत संपताच त्यांना पुढच्या लढतीस उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, पण ती मागण्यास आपल्याकडील कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेला मल्ल एकटा; आपल्यासाठी बोलणे त्यालाच कसे जमावे?

आजकाल या साऱ्यावर एक सोपा तोडगा निघाला आहे, आणि तो आम्हांस सर्वांत घातक वाटतो. वेदनाशामक गोळी वा सुई घेऊन मैदानात उतरावयाचे. रात्री झोप यावी, खोल श्वास घेता यावा, यासाठी वैद्याच्या सल्ल्याने औषध घेण्यात काहीच गैर नाही. परंतु झुंजण्यासाठी वेदना बंद करणे म्हणजे चोर येणार हे ठाऊक असताना राखणदारास अफू देणे होय. मुका मार आधीच मुका. त्याची उरलीसुरली कुजबुजही आपण बंद करतो, आणि मग आत काय फाटते आहे हे त्या एकमेव साक्षीदारासही कळेनासे होते.

या तीन आठवड्यांत आपल्या मल्लाने करावयाचे तरी काय? तालमीतून दूर राहू नये. छाती विसावत असताना पाय मोकळे आहेत. चालावे, काही दिवसांनी दुखत नसेल तर बैठका माराव्यात. हात डोक्यावर पूर्ण जातो का, दीर्घ श्वास विनासायास येतो का, हे रोज पाहावे. मग भिंतीला हात टेकून हलके जोर, मग जमिनीवर चार, मग दहा. दोन्ही हातांचे बळ सारखे वाटू लागले की लहान पोरांशी सावकाश लढत. आणि जोडीदाराशी खरी पकड सर्वांत शेवटी. हे लिहावयास सोपे आहे. ज्याने रोज शेकड्यांनी जोर काढले त्याला चार जोरांवर थांबावयास सांगणे म्हणजे मोठीच कसोटी. शेकडो जोरांना लोक दाद देतात, या चार जोरांकडे कोणी पाहतही नाही. तीन आठवड्यांत हे सारे साधले, तर त्याने खुशाल उतरावे. दुखणे तेव्हाही उरले असेल, तर यात्रेच्या आठ दिवस आधी त्याने कमिटीस कळवावे, आणि त्याची छाती वस्तादाखेरीज दुसऱ्या जाणत्या मनुष्याने, शक्य तर डॉक्टराने, पाहावी. वस्तादाच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण वस्तादाची अब्रूही त्याच कुस्तीवर लागलेली असते.

राहिली यात्रा कमिटीची गोष्ट. तिने दोन-तीन राखीव जोडी आधीच नेमून ठेवाव्यात. कळविलेली माघार ध्वनिक्षेपकावरून कारणासह जाहीर करावी आणि 'पुढच्या वर्षी हीच जोड' असेही त्याच दमात सांगावे. प्रवासखर्च आणि मानाचा नारळ त्या मल्लास द्यावा. मैदानाच्या आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात. त्यांचा पंच म्हणून त्यालाच फेटा बांधून मातीत उभे करावे. उजवा हात वर जात नसेल, तर जिंकलेल्या पोराचा हात त्याने डाव्या हाताने उंच करावा.